‘दंड भरून यायलेत’: डिझाइन बोलण्यातून कळतं की हातातून?

परभणी जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. त्या प्रॉडक्ट डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहेत, शिक्षण सगळं इंग्रजीत, आजोबा सुतारकाम करायचे. त्या विचारतात: ‘वर्गात डिझाइनबद्दल खूप बोललं जातं, वर्कशॉपमध्ये मात्र आठवड्यातून एखादाच दिवस जातो. डिझाइन कळतं ते बोलण्या-वाचण्यातून की हातानं करण्यातून? मी विचार मराठीत करते, इंग्रजीत मांडताना निम्मं सांडतं. याचा पुढं तोटा होईल का? आणि सगळं काम संगणकावर होत असताना रंधा-कानस शिकण्यात वेळ का घालवायचा?’

प्रश्न तीन आहेत, पण गाठ एकच. हातानं केल्याशिवाय डिझाइनमधले शब्द पोकळ राहतात. आणि शब्द नसतील तर हाताचं शहाणपण त्या एका वस्तूपुरतं, त्या एका लाकडापुरतं राहतं. दोन्ही लागतं, मात्र हात आधी. मराठीचं म्हणाल तर तुमच्या आजोबांच्या तोंडची मराठी हे तुमचं भांडवल आहे. प्रेझेंटेशनसाठी इंग्रजीवरून बेतलेली मराठी नव्हे, ती कुणाच्याच कामाची नसते. मी लातूर-परभणी भागात शेतीची हातअवजारं आणि घरगुती वस्तूंवर काम करतो, म्हणून उदाहरणं इथलीच देतो.

सायकल कोळपं, म्हणजे पिकातलं तण काढायचं हातअवजार, तुम्ही पाहिलं असेलच. जुन्या सायकलचं एक चाक पुढं, मागं पास (मातीतून चालणारं लोखंडी पातं), वर धरायला मूठ. गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत ते बनतं आणि कुणा एका डिझाइनरच्या नावावर नाही. बैल परवडेनासे झाले, खुरपायला माणसं मिळेनात, तसं ते सोयाबीन-कापसाच्या रानांत पसरलं. विद्यार्थ्यांचे गट ते ‘सुधारायला’ येत असतात. त्यांचं पहिलं चित्र संगणकावरचं असतं आणि दिसायला छान असतं. सोबतच्या अहवालात ‘अर्गोनॉमिक’, ‘युजर-फ्रेंडली’, ‘लाइटवेट’ हे शब्द हमखास असतात. या शब्दांचा दोष असा की ते वाचून नेमकं काय बदलायचं हे कळत नाही. कोळप्याऐवजी इस्त्री किंवा व्हीलचेअर ठेवा, अहवाल तसाच्या तसा चालेल.

अशाच एका गटाचा नमुना आम्ही वापशावर आलेल्या काळ्या रानात नेला. (शहरातल्या वाचकांसाठी: पाऊस होऊन गेल्यावर जमीन चिखलही नसते आणि कोरडीही नसते, ती स्थिती म्हणजे वापसा. मूठभर माती दाबली की तिचा गोळा होतो आणि खाली टाकला की तो फुटतो.) कोळपणाऱ्या बाईंना मुलांनी विचारलं, ‘मावशी, कसं वाटतंय?’ उत्तर आलं, ‘बरंय की.’ घरी आलेल्या पाहुण्याला भाजी कशी झाली म्हणून विचारलं तर तो दुसरं काय सांगणार? पण दोन तासं (पिकाच्या ओळींमधल्या पट्ट्या) मारून झाल्यावर बाई आपणहून म्हणाल्या, ‘दंड भरून यायलेत. ढकलताना न्हाई, मागं घेताना.’

मुलांनी वहीत लिहिलं: आर्म फटीग.

सगळं हरवलं ते इथं. बाईंच्या वाक्यात जागा होती, दिशा होती आणि वेळही होती. मनगट नाही, खांदा नाही, दंड. ढकलताना नाही, मागं घेताना. कोळपं एका लयीत पुढं ढकलायचं आणि मागं घ्यायचं असतं. मागं घेताना पास थोडी उचलावी लागते, नाहीतर तण आणि माती ओढत येते. नमुन्यात पासेचा क्लॅम्प जाड पट्टीचा होता आणि चाक पुष्कळ पुढं होतं. त्यामुळं मागचं वजन चाकावर न जाता प्रत्येक खेपेला हातावर येत होतं. आता उपाय दिसतो: चाक मागं, पासेजवळ घ्या. पण चाक पासेजवळ आलं की दोघांच्या मधल्या फटीत काळी माती अडकते. बाई त्यालाही नाव ठेवतातच: ‘माती सुटंना.’ म्हणजे दंड आणि माती यांच्यात भांडण आहे, आणि डिझाइन करायचं ते या भांडणाचं. शेवटी क्लॅम्प हलका केला आणि पास ट्रकच्या जुन्या कमानपाट्याची, पातळ पण चिवट अशी घेतली. मागचं वजन उतरलं आणि चाक थोडंच सरकवावं लागलं.

हे सगळं त्या एका वाक्यात होतं. मात्र मुलांपैकी एकीनं स्वतः कोळपं हातात घेऊन पूर्ण तास मारेपर्यंत ते कुणाला ऐकू आलं नव्हतं. तिचे दंड भरून आले तेव्हा ‘मागं घेताना’ या शब्दांना तिच्यापुरता अर्थ आला. हात आधी म्हणतो तो एवढ्यासाठी.

शेतातली माणसं अवजाराबद्दल बोलतात तेव्हा विशेषणं फार कमी वापरतात, क्रियापदं जास्त. पास घुसते, वरून सरकते, तण गुंडाळते. औत जड चालतं, उचलतं. शरीराबद्दलही तसंच: मनगटावर येतं, कंबर धरते, खांद्याला लागतं. या तीन तक्रारी म्हणजे तीन वेगळे दोष आहेत. मनगटावर येत असेल तर मुठीचा कोन तपासा, कंबर धरत असेल तर मूठ खाली आहे, खांद्याला लागत असेल तर ती उंच झाली आहे. ‘कम्फर्ट’ या एका शब्दात हे तिन्ही दोष गडप होतात. माझ्याकडं कुणी काम दाखवायला आलं तर पहिल्या बैठकीत मी विशेषणांना बंदी घालतो. ‘क्लीन’, ‘मिनिमल’, ‘प्रीमियम लूक’ यांतलं काहीही चालत नाही. वस्तू काय करते, कुठं अडते, कुठून सुटते एवढंच सांगायचं. पहिली काही मिनिटं बहुतेकांना बोलताच येत नाही.

आता हाताचं शहाणपण शब्दाशिवाय का अडकतं, ते सांगतो. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना पाहिलंय का? आता गाड्यांना टायर आले, तरी जुने लोहार भेटतात. धावेचा घेर लाकडी चाकापेक्षा जरा कमी ठेवतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवतात. तापून फुगली की चाकावर बसवतात आणि लगेच पाणी ओततात. धाव आकसते आणि पुठ्ठे (घेराचे लाकडी तुकडे), आरे, तुंबा (मधला ठोकळा) यांचे सगळे सांधे आवळून धरते. खिळ्यांवर फारसं काही सोडलेलं नसतं. घेर किती कमी ठेवायचा यातच सगळी कारागिरी आहे: फार कमी ठेवला तर आरे वाकतात, पुरेसा कमी नसेल तर धाव उन्हाळ्यात ढिली पडते, कारण कोरड्या हवेत लाकूडही आटतं. लोहाराला हे ठाऊक आहे. पण ते चाकापुरतं. वाळूजच्या कारखान्यात हीच गोष्ट ‘श्रिंक फिट’ नावानं रोज होते. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर दात्यांची रिंग तापवूनच बसवतात. धाव चढवताना पाहिलेल्या मुलाला वर्गात ‘श्रिंक फिट’ हा शब्द मिळाला की दोन्ही बाजूंना उजेड पडतो. त्याला पुस्तकातली आकृती क्षणात कळते, आणि लोहाराकडं आता तो वेगळ्या नजरेनं पाहतो. शब्दाचं काम हे. एका वस्तूतली समज उचलून दुसऱ्या वस्तूत नेता येते.

पेरणीच्या तिफणीतही असंच पुष्कळ साठलेलं आहे. तीन फण, त्यांना जोडलेल्या नळ्या, वर चाडं (बी सोडायची वाटी), आणि चाड्यावर मूठ धरून बी सोडणारा माणूस. आपल्याकडं कित्येक घरांत ही मूठ बाईचीच. आंतरपीक घ्यायचं असेल, समजा ज्वारीत तूर, तर एक वेगळं सरतं (बी सोडायची सुटी नळी) मागं दोरीनं बांधतात आणि ते धरून दुसरं माणूस चालतं. यंत्राच्या भाषेत सांगायचं तर बी मोजून सोडायचं काम इथं माणसाच्या मुठीकडं आहे, ओळीचं अंतर फणांकडं, आणि खोली दांडी जुवाला कुठं बांधली त्याकडं. कुठलं काम माणसाकडं ठेवायचं आणि कुठलं अवजाराकडं द्यायचं, ही वाटणी डिझाइनमधली सगळ्यात अवघड गोष्ट आहे, आणि तुम्ही ती लहानपणापासून बांधावर बसून पाहिलेली आहे. ट्रॅक्टरवरच्या पेरणीयंत्रात मुठीचं काम फिरत्या तबकडीकडं गेलं. काय सुधारलं आणि काय गेलं, यावर एक चांगला प्रकल्प होईल. चांगल्या मुठीला बी कमी-जास्त करता येत होतं, रान जसं बदलेल तसं. तबकडीला रान दिसत नाही.

विणकामाकडं वळतो, कारण आकार आणि हात यांचा संबंध तिथं सर्वांत उघडा पडतो. पैठणला मागावर बसलेल्या विणकराला तुम्ही मोराचं वळणदार चित्र दाखवा. तो आधी चित्र बघणार नाही, तारा विचारेल. त्याच्या लेखी वळण ही रेष नसते, मोजणी असते: इथं इतक्या तारा सोडायच्या, पुढच्या फेरीला एक कमी. पदरावर प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते. रंग जिथं बदलतो तिथं दोन धागे एकमेकांत अडकवून परत फिरवतात. म्हणून हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो, मागं धागे लोंबत नाहीत. आता छत्रपती संभाजीनगरच्या हिमरू कापडाकडं बघा. त्यात नक्षीचा जादा बाणा (आडवा धागा) कापडाच्या मागून धावतो आणि जिथं बुट्टी आहे तिथंच वर येतो. मागच्या बाजूला सुटे धागे दिसतात. त्यामुळं हिमरूत बुट्ट्या दाट आणि पुन्हापुन्हा येतात: दोन बुट्ट्यांत अंतर जास्त ठेवलं तर मागचे धागे लांब लोंबतील आणि अडकतील. पैठणीत मात्र मोठा मोर मोकळ्या जागेत एकटा बसू शकतो.

नुसते फोटो बघणारा डिझाइनर म्हणेल, हिमरूची शैली दाट नक्षीची, पैठणीची मोकळी. ‘शैली’ म्हटलं की विचार थांबतो. मागची बाजू उलटून पाहणाऱ्याला कळतं की ती दाटी धाग्याच्या वाटेनं ठरवलेली आहे. म्हणून कापड हातात आलं की पहिल्यांदा उलटं करायचं. ही सवय पुढं प्लास्टिकच्या वस्तूलाही लावा, पत्र्याच्या कपाटालाही.

विणकामात भाषेचं स्थानही फार गमतीचं आहे. काश्मीरच्या गालिच्यांमध्ये ‘तालीम’ नावाची एक सांकेतिक लिपीच आहे. किती गाठी, कुठल्या रंगाच्या, हे तीत लिहिलेलं असतं आणि ते वाचून विणलं जातं. चित्राचं आधी बोलणं होतं आणि बोलण्याचं पुन्हा चित्र. आपल्या पैठणच्या मोजणीलाही, लिहिलेली नसली तरी, तोच दर्जा आहे.

पण सगळंच बोलून दाखवता येतं, असं मात्र समजू नका. वेरुळचं कैलास लेणं घ्या. ते वरून खाली कोरलेलं आहे हे शाळेतच शिकवतात, पण त्याचा अर्थ छिन्नी हातात घेतल्याशिवाय नीट कळत नाही. दगडातून काढता येतं, परत लावता येत नाही. शिखर कोरताना खालच्या हत्तींची पाठ कुठं येणार हे ठरलेलं असावं लागतं, कारण तेवढा दगड तिथं शिल्लक ठेवायचा आहे. हे मंदिर राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. पुढं शके ७३४ च्या, म्हणजे इ.स. ८१२ च्या बडोद्याच्या ताम्रपटात एलापूरच्या मंदिराचं वर्णन येतं. ते कैलासाचंच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात म्हटलंय की विमानातून जाणारे देव ते पाहून चकित झाले, आणि ज्यानं ते घडवलं तो स्थपतीही ‘हे माझ्या हातून झालं तरी कसं’ म्हणून थक्क झाला. प्रशस्ती लिहिणाऱ्यानं अतिशयोक्ती केली असणार, ते त्याचं कामच. तरी ज्यानं आयुष्यात काही नीट घडवलंय त्याला त्या स्थपतीचं म्हणणं खोटं वाटत नाही. हाताला जे कळलेलं असतं त्याचा काही भाग तोंडावाटे येतच नाही. तो भाग कारागिराशेजारी बसूनच घ्यावा लागतो. प्रश्नावली घेऊन मुलाखतीला जाणाऱ्यांना मी म्हणूनच सांगतो की तास-दोन तास काही विचारू नका, काम करू लागा. भाता ओढा, कांड्या भरा. माणूस हात चालवताना जे पुटपुटतो ते तुमच्या प्रश्नाच्या उत्तरात कधी येणार नाही.

डिझाइनचं शिक्षण ज्यांनी सुरू केलं त्यांनाही ही अडचण ठाऊक होती. जर्मनीत वायमारला १९१९ मध्ये बाउहाउस निघालं तेव्हा तिथं प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू नेमले: एक आकाराचा, म्हणजे चित्रकार-शिल्पकार, आणि दुसरा कारागिरीचा. बोलता येणारा आणि करता येणारा असा एकच माणूस तेव्हा मिळत नव्हता. १९२५ मध्ये संस्था डेसाऊला गेली तोवर तिथंच शिकून तयार झालेली मुलं शिक्षक झाली होती, आणि दोन्ही कामं एकाच माणसाकडं आली. मार्सेल ब्रॉयर हा त्यांतलाच. लाकडाच्या कार्यशाळेत वाढलेल्या या माणसानं पोलादी नळी वाकवून खुर्ची केली, आणि ती त्याला सायकलच्या हँडलवरून सुचली असं सांगतात. (सायकल कोळप्याला मी डिझाइनच्या इतिहासात मानानं बसवतो, त्याला हाही एक आधार.) पुढं १९५३ मध्ये उल्म इथं निघालेल्या शाळेनं पारडं दुसरीकडं झुकवलं: गणित, चिन्हशास्त्र, पद्धतशीर मांडणी. ती १९६८ मध्ये बंद पडली, पण तिथं शिकलेले सुधाकर नाडकर्णी यांनी मुंबईच्या आयआयटीत १९६९ मध्ये सुरू झालेलं औद्योगिक डिझाइन केंद्र उभं केलं. त्याआधी १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली होती, चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालानंतर. या दांपत्यानं अहवालात कौतुक केलं ते आपल्या तांब्याचं. मग असा तांब्या करायचा तर कशाकशाचा विचार करावा लागेल याची एक मोठी यादीच दिली: पाणी किती मावतं, ओततं कसं, कमरेवर किंवा डोक्यावर घेतला तर तोल कसा राहतो, खाली ठेवला की आवाज कसा येतो.

ती यादी मला फार मोलाची वाटते, पण ज्या कारणासाठी ती नेहमी दाखवली जाते त्यासाठी नाही. तांब्या सुंदर आहे हे सांगायला अमेरिकेहून कुणी यायची गरज नव्हती. हातांनी पिढ्यान्‌पिढ्या सोडवलेली गोष्ट शब्दांत उलगडता येते, आणि उलगडली की ती दुसऱ्याला वापरता येते, हे त्या यादीनं दाखवलं. तुमच्या घरातली रांजण, कणगी, उखळ, जातं, पाटा अशी कुठलीही एक वस्तू घ्या आणि तिची अशीच यादी मराठीत करा. क्रियापदांत.

इथवर वाचून कुणाला वाटेल, बोलीभाषा आणि कारागीर म्हणजे सगळं शहाणपण. तसं नाही. भाषा जशी डोळे उघडते तशी झाकतेही, आणि मराठवाड्यानं त्याची किंमत मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली हजारो माणसं झोपेत घराखाली गेली. घरं बहुतेक माळवदाची: दोन-दोन फुटांहून जाड दगडी भिंती, वर लाकडाचं छत आणि त्यावर मातीचा थर. गळती थांबावी म्हणून पावसाळ्याआधी थोडी नवी माती पडायची, जुनी कुणी काढत नसे. थर वाढत गेला, वजन वाढत गेलं. भिंत बाहेरून एकसंध दिसे, पण ती खरं म्हणजे दोन पातळ भिंती आणि मध्ये भरलेली दगडमाती. दोन्ही तोंडांना बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. हादरा बसला तशी भिंत मधून फुटून दोन्हीकडं ढासळली. कित्येक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती गेल्या.

गावातल्या बोलण्यात चांगल्या भिंतीची खूण होती जाडी. ‘भिंत कशी आहे?’ याचं उत्तर हातांत आणि वितींत यायचं. भिंतीच्या आत काय बांधलंय, हा प्रश्न बोलण्यात नव्हता, म्हणून तो हातातही उरला नाही. सांगाडा आणि भिंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र जुन्या भाषेत ठळक होतं: घर ‘खणां’त मोजायचं. दोन खण, पाच खण. खण म्हणजे खांब आणि तुळया यांच्यामधला गाळा. आज आपण ‘टू बीएचके’ म्हणतो तेव्हा खोल्यांची कामं मोजतो, खण म्हणणारा माणूस इमारत कशावर उभी आहे ते मोजायचा. भूकंपानंतर हा फरक कामाला यायला हवा होता.

आला तो दुसराच शब्द: पक्कं. सरकारी नोंदीत घर एकतर कच्चं किंवा पक्कं. दगडमातीचं ते कच्चं, सिमेंटचं ते पक्कं. रातोरात आप्त गमावलेल्या माणसांना दगडाची धास्ती वाटली, यात त्यांचा काय दोष? पण एकदा दोष ‘दगडमाती’ या नावावर गेला की आरपार दगड, छताचं वजन, खांब-तुळईच्या सांध्याला तिरपा आधार, या दुरुस्त करता येण्याजोग्या गोष्टी बोलण्यातून मागं पडल्या. तज्ज्ञांनी त्या सुचवल्या होत्या आणि कमी नुकसान झालेल्या गावांत तसं मजबुतीकरणाचं कामही झालं. ज्या ५२ गावांचं पूर्ण स्थलांतर झालं तिथं मात्र बहुधा काटकोनातले रुंद रस्ते आणि सुटी-सुटी काँक्रीटची घरं आली. पुढं लोकांनी आपापल्या हातांनी त्यांना पडव्या जोडल्या, पत्रे टाकले, चुली बाहेर काढल्या, जनावरांना जागा केली. त्या भागात गेलात तर नकाशावरचं घर आणि राहतं घर यांतला फरक मोजून या. डिझाइनच्या विद्यार्थ्याला इतकं शिकवणारी दुसरी जागा मला मराठवाड्यात माहीत नाही.

म्हणून नुसतं कारागिराचं ऐकून भागत नाही. त्याच्या शब्दांत काय मोजलं जातं आणि काय मोजायचं राहून जातं, हे दोन्ही ऐकावं लागतं. नवीन वस्तूच्या बाबतीत तर हे फारच. बाभळीच्या अवजाराची मापं डोक्यात असलेला कारागीर लोखंडी चौकोनी पाइप वापरायला लागला की पुष्कळदा तीच जाडी ठेवतो आणि अवजार विनाकारण जड होतं. त्याचे शब्द लाकडाचे असतात, हातात लोखंड असतं. तिथं इंजिनिअरिंगच्या पुस्तकातला शब्द मदतीला येतो, आणि तो इंग्रजीत आहे म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

इंग्रजीचं थोडक्यात. ती शिका, नीट शिका. मोठ्या कंपन्यांत, परीक्षकांपुढं, परदेशी ग्राहकापुढं ती लागणारच. फक्त मूळ नोंदवही मराठीत ठेवा. शेतात, मागावर, वर्कशॉपात ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवा, ‘यायलेत’ला ‘येत आहेत’ करू नका. मग त्याखाली इंग्रजीत लिहा: बल कुठं, कुठल्या दिशेनं, कामाच्या कुठल्या टप्प्याला. तुमचं निम्मं सांडतं, कारण तुम्ही थेट इंग्रजी विशेषणाकडं उडी मारता. मधली पायरी घेतलीत तर फारसं सांडणार नाही. पोर्टफोलिओतही मूळ वाक्य देवनागरीत ठेवा, खाली त्याचा उलगडा. मी निवडीला बसतो तेव्हा असं पान दिसलं की थांबतो, कारण ते पान घरबसल्या तयार करता येत नाही.

आता संगणक. मी रोज वापरतो, तुम्हीही वापराल. पण संगणकावर कड गोल करायला एक क्लिक लागते आणि कड धारदार ठेवायला तीही लागत नाही. लोखंडाच्या तुकड्यावर तीच कड कानशीनं गोल करून बघा. बर (कडेला राहणारी धातूची धारदार कुस) कुठं उठते, पट्टी हलली की कानस कशी घसरते, आणि सगळीकडं एकसारखी गोलाई ठेवणं किती कटकटीचं असतं, ते कळेल. मग आतला कोपरा घ्या. पडद्यावर तो अगदी काटकोनी काढता येतो. मिलिंगचं कटर गोल फिरतं, त्यामुळं आतल्या उभ्या कोपऱ्यात त्याची त्रिज्या राहणारच. तो कोपरा खरंच धारदार हवा असेल तर ठिणगीनं धातू झिजवणारं ईडीएमचं वेगळं काम निघतं, आणि खर्च व वेळ दोन्ही वाढतात. साचे बनवणाऱ्या टूलरूममधला अनुभवी माणूस तुमच्या ड्रॉइंगवर बोट ठेवून एवढंच विचारेल, ‘ही आतली कड कशानं काढायची?’ वर्षभराच्या तासांमध्ये तुम्हाला इतका चांगला प्रश्न क्वचित कुणी विचारेल.

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा भागात इंडो-जर्मन टूल रूम आहे, वाळूजला लहान-मोठी साचे बनवणारी दुकानं आहेत. पुढच्या सत्रात प्लास्टिक मोल्डिंगचा विषय असेल तर तो सुरू व्हायच्या आधी कॉलेजमार्फत परवानगी काढून एक दिवस तिथं जाऊन या. सोबत स्वतःच्या एखाद्या वस्तूचं पूर्ण मापांसह ड्रॉइंग न्या, नुसतं रंगीत चित्र नको. ड्रॉइंग टेबलावर ठेवा आणि साचा करणाऱ्याला बोलू द्या. तो जिथं जिथं ‘हे निघणार नाही’ म्हणेल तिथं लाल खूण करा. परत आल्यावर त्या खुणांचं उत्तर म्हणून दुसरं ड्रॉइंग करा आणि दोन्ही जपून ठेवा.